भोगवटादार वर्ग दोन

आमच्या कॉम्प्युटरची रोज सकाळी एक तक्रार असायची. बटण दाबलं की पंखा घुरघुरायचा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची आणि तो इंग्रजीत कळवायचा : सावधान, यापूर्वी झाकण काढण्यात आले होते. कोणी काढलं, कधी काढलं, कशासाठी काढलं, याचा पत्ता नाही. नुसता कर्मणी प्रयोग. मी ३१ वर्षं महसूल खात्यात काढली, त्यातली शेवटची ९ अव्वल कारकून म्हणून. कर्मणी प्रयोगाशी माझी ओळख कोणी करून द्यायला नको. ‘निदर्शनास आले आहे’, ‘खुलासा मागविण्यात येत आहे’ ही वाक्यं ज्या हातानं लिहिली, त्याच हाताला उतारवयात रोज सकाळी एफ-१ दाबून ‘नोंद घेतली’ असं कळवावं लागत होतं. त्याशिवाय गडी पुढे हलायचा नाही.

हा गडी घरी आला तो विंडोज टेनच्या सेवानिवृत्तीमुळे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख मुक्रर केली होती. त्यानंतर विंडोज टेनची नेहमीची डागडुजी बंद. पुढची विंडोज इलेव्हन घ्यावी तर तिला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा सात पिढ्यांपलीकडे कोणी विचारत नाही. परिणामी सहाव्या-सातव्या पिढीतली, हातीपायी धडधाकट यंत्रं एका तारखेला वयोमर्यादेबाहेर गेली. कंपन्यांनी ती गठ्ठ्यानं काढून टाकली. माझा जुना कॉम्प्युटर त्याच सुमारास वारला होता.

“मामा, लॅमिंग्टन रोडला जाऊ,” भाचा म्हणाला. सरकारी दप्तरी तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण तिथे उभं राहून भडकमकर मार्ग कुठे म्हणून विचारलं, तर लोक प्रामाणिकपणे तुम्हाला दुसरीकडे पाठवतात. दुकानदारानं एक काळा, चपटा, नामांकित कंपनीचा डेस्कटॉप फडक्यानं पुसून समोर ठेवला.

“काका, कॉर्पोरेट माल आहे. एसीत वाढलेला. दहा ते सहा काम, शनिवार-रविवार सुट्टी. आपल्या दोघांपेक्षा सुखात जगलाय.”

साडेनऊ हजारांत सौदा झाला. पाठीवर आधीच्या कंपनीचं मालमत्ता क्रमांकाचं स्टिकर होतं. दुकानदारानं ते नखानं खरवडायचा प्रयत्न केला, नाव गेलं, क्रमांक राहिला. दादरला बदलापूर लोकलमध्ये डेस्कटॉप घेऊन चढणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, एवढंच सांगतो की अंबरनाथपर्यंत एक गृहस्थ त्यावर बसून आले आणि उतरताना मलाच म्हणाले, “सांभाळून न्या हो.”

बेत साधा होता. भाच्यानं पेनड्राइव्हवर लिनक्स भरून आणली होती. यंत्राला सांगायचं, बाबा रे, आज आतल्या डिस्कवरून न उठता या पेनड्राइव्हवरून ऊठ. ते सांगायची जागा म्हणजे बायोस, आणि तिथे जायचा रस्ता म्हणजे सुरू होता होता एफ-२ दाबणं. हा एफ-२ दाबायचा मुहूर्त असतो. मंगलाष्टकांत ‘सावधान’च्या आधी अक्षता टाकल्या तर लोक वळून बघतात, आणि उशीर केला तर लग्न लागून मंडळी पंगतीत बसलेली असतात. आम्ही चार वेळा पंगतीतच पोचलो. पाचव्यांदा भाच्यानं तबलजीसारखी दोन बोटं चालवली आणि दार उघडलं.

आत सगळं होतं. बूट कोणत्या क्रमानं करायचं, यूएसबी चालू ठेवायची की बंद, पंखा, घड्याळ, सुरक्षा. आणि सगळं राखाडी होतं. दिसत होतं, वाचता येत होतं, हलत नव्हतं. कोपऱ्यात कुलपाचं चित्र आणि शेजारी सूचना : प्रशासकाचा पासवर्ड द्या.

“मामा, आधीच्या कंपनीनं कुलूप घातलंय.”

“पण यंत्र मी विकत घेतलंय. पावती आहे.”

“पावती यूएसबीत घालून बघू का?”

हल्लीची मुलं मामाशी असं बोलतात.

ज्यांचा बायोसशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावात तलाठी उठायच्या आधी कोतवाल उठतो. कचेरी उघडतो, कंदील आहे का, दप्तर जागेवर आहे का, कोण हजर, कोण गैरहजर ते बघतो, आणि साहेब आले की चार्ज देऊन बाजूला होतो. बायोस म्हणजे कॉम्प्युटरचा कोतवाल. वीज आली की पहिला तोच जागा होतो. मेमरी हजर, डिस्क हजर, कीबोर्ड हजर, अशी हजेरी घेतो आणि मग विंडोज नाहीतर लिनक्स, जे कोणी साहेब असतील त्यांना चार्ज देतो. जुन्या कॉम्प्युटरवर कीबोर्ड सापडला नाही तर ‘कीबोर्ड नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा’ असा संदेश यायचा. लोक त्याला हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ‘अर्जदार मयत असल्यास तसे त्याने समक्ष कळवावे’ अशा अर्थाचे कागद माझ्या टेबलावरून गेलेले आहेत.

तर कोतवाल घरचा, पगार आपण देतो, पण तो जुन्या पाटलाचाच हुकूम मानतो, असा हा प्रकार. आणि याला आमच्याकडे नेमकं नाव आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २९. सातबारा उताऱ्यावर जमीनमालकाला मालक म्हणत नाहीत, भोगवटादार म्हणतात, आणि त्याचे वर्ग असतात. वर्ग एकवाल्यानं जमीन विकावी, गहाण टाकावी, त्याला कोणी विचारत नाही. वर्ग दोनची गंमत वेगळी. ताबा तुमचा, वहिवाट तुमची, सारा तुम्ही भरायचा, बांधावरून भावाशी भांडण तुम्ही करायचं. विकायचं म्हटलंत की जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो, त्यात कोणाकोणाचं काय काय लिहिलेलं असतं. नामांकित कंपनीचा कॉम्प्युटर घेणारा माणूस हा वर्ग दोनचा भोगवटादार आहे, हे मला त्या राखाडी पडद्यासमोर बसल्या बसल्या समजलं. ३१ वर्षांत पहिल्यांदाच मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो.

आम्ही पासवर्ड ओळखायला लागलो. ‘अॅडमिन’ टाकला, एक-दोन-तीन-चार टाकलं, स्टिकरवरचा क्रमांक टाकला. तीन चुका झाल्या की यंत्र गोठायचं आणि वीज बंद करून पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे पुन्हा झाकणाची तक्रार, पुन्हा एफ-१, पुन्हा मुहूर्त. सौ. दारातून म्हणाली, “अहो, त्यांच्या साहेबांच्या बायकोचं नाव टाकून बघा. पुरुषमाणसं तेवढंच लक्षात ठेवतात.” आम्हाला साहेबांचं नाव माहीत नव्हतं, बायकोचं कुठून असणार. दुकानदाराला फोन केला.

“काका, तिथे गेलातच कशाला? तिथे काय काम असतं आपलं?”

या उत्तराला कायदेशीर आधार नव्हता, पण वजन होतं.

मग ज्या कंपनीनं यंत्र बनवलं तिच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिनं यंत्राच्या पाठीवरचा सेवा क्रमांक विचारला, तो मी भिंग लावून वाचून दाखवला.

“सर, हे युनिट तुमच्या नावावर दिसत नाही.”

“मग कोणाच्या नावावर आहे?”

“ती माहिती देता येत नाही, सर.”

“बरं, माझ्या नावावर करून घ्यायला काय लागेल?”

“मालकी हस्तांतराचा फॉर्म, सर. त्यात आधीच्या मालकाचं नाव आणि पत्ता भरायचा.”

“तेच तर तुम्ही सांगत नाही.”

“हो, सर.”

मी फोन ठेवला आणि थोडा वेळ स्वस्थ बसलो. राग आला नाही. एखाद्या निवृत्त गवयानं रेडिओवर कोवळ्या पोरीची तयार तान ऐकावी, तसं झालं. असं निर्दोष वर्तुळ मारायला आमच्या खात्यात पाच-सहा वर्षं टेबल घासावं लागतं. फेरफार करायचा तर आधीच्या खातेदाराची संमती आणा, खातेदार कोण हे कळायला उतारा आणा, उतारा हवा तर हितसंबंध दाखवा, आणि हितसंबंध दाखवायला फेरफार आणा. ही पोरगी विशीतच तिथे पोचली होती.

एक म्हातारे शेतकरी माझ्याकडे यायचे, त्यांची आठवण त्या दिवशी झाली. वर्ग दोनची जमीन होती, धाकट्याच्या नावावर करायची होती. दर खेपेला मी त्यांना एक नवा कागद सांगायचो. एकदा ते म्हणाले, “सायेब, जमीन माजी हाय म्हनता, मग नांगराला हात कुनाला इचारून लावू?” मला तेव्हा ते अज्ञान वाटलं होतं. मी त्यांना कलम वाचून दाखवलं होतं.

खरं तर ही यंत्रं जन्माला आली तेव्हा कोतवाल एवढा कडक नव्हता. आयबीएमनं १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पीसी बाजारात आणला तेव्हा बाकी बहुतेक सुटे भाग बाजारातलेच होते. आयबीएमचं म्हणावं असं त्यात बायोस होतं. आणि त्या बायोसचा सगळा मजकूर त्यांनी तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकला. वाचा, पण नक्कल कराल तर कोर्टात भेटू. कॉम्पॅक कंपनीनं यावर जो तोडगा काढला तो वाचून माझ्यातला नक्कल-कारकून उठून उभा राहिला. त्यांनी माणसांचे दोन गट केले. एका गटानं आयबीएमचं बायोस काय काय काम करतं ते नुसतं टिपून द्यायचं. दुसऱ्या गटानं मूळ कागद आयुष्यात न बघता, त्या टिपणावरून सगळं नव्यानं लिहायचं. नक्कल झाली आणि नक्कल केली नाही. फिनिक्स नावाच्या कंपनीनं १९८४ मध्ये याच पद्धतीनं बायोस लिहून ते कोणालाही विकायला काढलं, आणि घरोघरी पीसी झाले. पुढे १९८५ साली अमेरिकन मेगाट्रेंड्स निघाली. तिचं बायोस आज जगभरच्या बोर्डांवर आहे. नाव अमेरिकन, पण संस्थापकांत सुब्रमण्यन शंकर आणि एक कचेरी चेन्नईत. काळ्या पडद्यावरच्या रुक्ष सूचनांमागे कोणी तरी डोसा खाऊन आलेलं असेल, ही कल्पना मला फार धीर देते.

असो. भाच्याला इतिहासात रस नव्हता. त्यानं व्हिडिओ बघितला होता. “सोपंय, मामा. आतला सेल काढायचा. पासवर्ड उडतो.”

हा सेल म्हणजे बोर्डावर बसवलेली चांदीच्या नाण्यासारखी बॅटरी, सीआर-२०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून २०-३२. नावातच मोजणी आलेली आहे. आमच्याकडे गट नंबरवरून क्षेत्र कळत असतं तर निम्मे दावे मिटले असते. १९८४ साली आयबीएमनं आपल्या एटी मॉडेलमध्ये घड्याळाची एक चिप घातली, तिच्यात ६४ बाइटांची जागा होती : १४ घड्याळाला, उरलेल्या ५० मध्ये यंत्राचं सगळं दप्तर. वीज गेली तरी दप्तर पुसू नये म्हणून बॅटरी. तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं लोकांनी बॅटरी काढून पासवर्ड उडवले. उपाय खरा होता. फक्त जुना होता.

आम्ही झाकण काढलं. म्हणजे तक्रारीला आणखी एक कारण. सेल काढून रात्रभर देवघरातल्या ताम्हणात ठेवला. सकाळी बसवला, बटण दाबलं. झाकण काढण्यात आले होते. शिवाय, तारीख-वेळ लावलेली नाही. यंत्राच्या मते त्या दिवशी १ जानेवारी २०१६ होती. जुनी पाचशेची नोट चालत होती, करोना नावाचं काही कोणाला माहीत नव्हतं आणि मी नोकरीत होतो. मला ते बदलावंसं वाटेना. पण पासवर्ड? तो जागच्या जागी. नव्या यंत्रांत पासवर्ड बॅटरीवर जगतच नाही. तो बायोसच्याच चिपमध्ये लिहिलेला असतो आणि तिला वीज लागत नाही. दहा वर्षं विसरणारा कोतवाल कुलपाची किल्ली मात्र विसरला नाही. याला म्हणतात नोकरी.

“मग चिपच बदलू,” भाचा म्हणाला. ती चिप आठ पायांची, तुरीच्या डाळीएवढी. तिला एक चिमटा लावायचा, चिमटा एका स्वस्तातल्या यंत्राला जोडायचा, चिपमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचायचा, पासवर्डाचा भाग पुसायचा आणि परत लिहायचा. त्यानं असंही सांगितलं की कंपन्या कित्येक रकाने मेनूत छापतच नाहीत. ते आत असतात, आणि खटपटी लोक त्यांचा पत्ता शोधून परस्पर तिथली किंमत बदलतात.

मी साफ नाही म्हणालो. मूळ अभिलेखात खाडाखोड! मी आयुष्यात पांढरी शाईसुद्धा वापरलेली नाही. चूक झाली तर एका रेघेनं खोडून आद्याक्षरी केली. शिवाय चुकलं तर?

“तर यंत्राची वीट होते.”

इंग्रजीत तसंच म्हणतात म्हणे, ब्रिक. विटेवर उभं राहायला पांडुरंग आहे; साडेनऊ हजारांची रिकामी वीट घेऊन मी बदलापुरात काय करू?

आणि ही कुलपं काही उगीच आलेली नाहीत, हेही मला मान्य केलं पाहिजे. चेन इंग-हाऊ नावाच्या तैवानी विद्यार्थ्यानं १९९८ मध्ये सीआयएच हा व्हायरस लिहिला. २६ एप्रिल १९९९ रोजी त्यानं जगभरच्या कॉम्प्युटरांच्या डिस्क तर पुसल्याच, पण जिथे जमलं तिथे बायोसच्या चिपवरही कचरा लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी कोतवालच उठला नाही, म्हणजे कचेरी उघडणार कोण? त्यानंतर चिपवर लिहिण्यावर बंधनं वाढत गेली, ती इतकी की २०१३ पासून इंटेलनं बूट गार्ड नावाची सोय आणली. ती चालू केलेल्या यंत्रात कोतवाल उठायच्या आधी प्रोसेसरच त्याचं ओळखपत्र तपासतो. कोतवालावर नजर ठेवायला कोतवाल. आमच्याकडे याला दक्षता पथक म्हणतात, आणि त्यांच्यासाठीसुद्धा चहा सांगावा लागतो.

भाचा व्हिडिओ बघत राहिला. मी वेगळा मार्ग धरला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीची दुरुस्तीपुस्तिका उतरवून घेतली आणि वाचायला बसलो. पहिल्या पानापासून. स्क्रू कसा काढावा, स्क्रू कसा बसवावा, पंखा कसा काढावा, पंखा कसा बसवावा (‘काढण्याच्या कृतीच्या उलट क्रमाने’). हल्ली पुस्तिका कोणी वाचत नाही. पण ज्या माणसानं शासन निर्णय तळटीपांसह वाचले आहेत त्याला एक गोष्ट पक्की माहीत असते : नियमाच्या शेवटी परंतुक असतं. ‘परंतु असे की’नं सुरू होणारं. आधीच्या चार पानांत जे जे नाकारलं, ते ते कोणाला तरी द्यायची वाट तिथे बारीक टायपात असते. साहेबांना ती ठाऊक असते, कारकुनाला ती ठाऊक असते, अर्जदाराला नसते.

आणि ते होतं. शेवटून काही पानांवर. ‘विसरलेला पासवर्ड काढून टाकणे.’ बोर्डावर दोन बारीक पिना आहेत, त्यांच्यावर एक निळी प्लास्टिकची टोपी आहे. यंत्र बंद करा, वायर काढा, टोपी काढा, यंत्र चालू करा. पासवर्ड गेला. बंद करा, टोपी पुन्हा घाला. बस. नमुना अर्ज नाही, मालकी हस्तांतर नाही, आधीच्या मालकाचा पत्ता नाही. माझं आणि त्या गोड आवाजाच्या मुलीचं संभाषण चाललं होतं तेव्हाही ती टोपी तिथेच, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर बसलेली होती.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या प्रकरणातही परंतुक होतं. मला माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही.

टोपी ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि माझी बोटं शिक्के मारून मारून बोथटलेली. सौ.चा भुवया कोरायचा चिमटा न विचारता घेतला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, भाच्यानं मोबाइलचा उजेड धरला, मी श्वास रोखून टोपी उचलली आणि ती उडाली. अर्धा तास आम्ही दोघं रांगत होतो. ती शेवटी भाच्याच्या केसांत सापडली. चालू केलं, बंद केलं, टोपी घातली, चालू केलं, झाकण काढण्यात आले होते, एफ-१, एफ-२.

सगळं काळंभोर. एकही अक्षर राखाडी नाही. वर्ग दोनचा वर्ग एक झाल्याचा आदेश हातात पडावा, तसं वाटलं. खाली मात्र एक ओळ राहिली होती : मालमत्ता क्रमांक. आधीच्या कंपनीचा, पाठीवरच्या स्टिकरवर होता तोच. तो एकदा भरला की बदलता येत नाही. इतर हक्कांचा रकाना कधीच पूर्ण कोरा होत नाही, हे मी लोकांना सांगायचो, ते बरोबरच होतं.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चढली. भाच्यानं नाचून घेतलं. यंत्र बंद करून चालू केलं, तर लिनक्स गायब. पडद्यावर : बूट करण्याजोगे काही आढळले नाही. डिस्कवर लिनक्स धडधडीत आहे, मेनूत तिची नोंदही केली, पण दर वेळी हा कोतवाल ती नोंद पुसून विंडोजची वाट बघत उभा.

भाच्याला अशाच एका यंत्राची कथा माहीत होती आणि ती मला आवडली. २०१२ मध्ये मॅथ्यू गॅरेट नावाच्या लिनक्सच्या जाणकारानं एका नामांकित डेस्कटॉपचं बायोस तपासलं. डिस्कवरून तो फक्त दोन नावांना उठायचा : ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स’. आत काय आहे ते तो बघत नव्हता, पाटी वाचत होता. पाटीवर दुसरं नाव असलं की प्रवेश नाही. तेव्हा दुसऱ्या जातीच्या लिनक्सलाही रेड हॅटची पाटी लावली की काम होत होतं. जो अधिकारी माणूस न बघता नाव बघून दाखला देतो, त्याच्याकडून नाव बदलून दाखला मिळतो, यात मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे तर आधार कार्डावरच्या एका वेलांटीसाठी दोन भाऊ एकमेकांचे कोणी नाहीत असं ठरलेलं आहे.

आमच्या यंत्राचंही दुखणं त्याच जातीचं निघालं. विंडोज जिथे राहते त्या नावाचा कप्पा त्याला हवा होता आणि त्या कप्प्यात विंडोजच्या नावाची फाइल. भाच्यानं लिनक्सची सुरू करणारी फाइल उचलली, तिला विंडोजच्या फाइलीचं नाव दिलं आणि विंडोजच्या कप्प्यात नेऊन बसवली. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता. नाव तेच, ऐट तीच. पुण्यात त्याची चौकशी करणारे होते, म्हणून तो पकडला गेला. आमचा कोतवाल चौकशीच्या भानगडीत पडला नाही. त्यानं मुजरा केला आणि चार्ज दिला. तेव्हापासून आमच्या घरी रोज सकाळी विंडोजच्या नावानं लिनक्स गादीवर बसते आणि कामकाज सुरळीत चालू आहे.

पंख्याचं सांगायचं राहिलं. आतला पंखा आवाज करतो म्हणून नवा आणला तर त्याची पिन बसेना. बाजारात चार पिनांचा मिळतो, यांनी स्वतःसाठी पाच पिनांचा करून घेतलाय. जबरदस्तीनं जोडला तर रोज ‘पंखा नादुरुस्त’ अशी दुसरी तक्रार सुरू झाली असती. जुनाच तेल घालून ठेवला.

उरली झाकणाची तक्रार. आता अधिकार माझ्याकडे होते. एका संध्याकाळी भाचा गेल्यावर मी एकटा एफ-२ दाबून आत शिरलो (मुहूर्त आता मलाही साधतो) आणि तो रकाना शोधून काढला. तिथे तीन पर्याय होते. पहिला, चालू : झाकण निघालं की नोंद करायची आणि सांगायचं. दुसरा, बंद : नोंदही नाही, बोलणंही नाही. तिसरा मी दोनदा वाचला. ‘ऑन-सायलेंट’. झाकण निघालं की नोंद करायची आणि कोणाला काही बोलायचं नाही.

माझा हात आपोआप तिसऱ्यावर गेला.

परवा मेमरीची पट्टी बसवायला मी पुन्हा झाकण काढलं. सौ.चा चिमटा अजून परत दिलेला नाही, ती शोधते आहे. सकाळी बटण दाबलं, पंखा घुरघुरला, पडदा उजळला आणि यंत्र चकार शब्द न बोलता सरळ पुढे गेलं. पण त्यानं लिहून ठेवलंय.